पेस्ट लावली त्याच संध्याकाळी माणूस कोसळला. दारू चढली, की पेस्ट बाधली?

निफाडची_बागायतदार

नमस्कार. माझी निफाड तालुक्यात अडीच एकर थॉमसन द्राक्षाची बाग आहे. हे गेले त्याला सहा वर्षं झाली, तेव्हापासून बाग मीच बघते. गेल्या मंगळवारी जे घडलं ते आधी सांगते, मग विचारते.

सुरगाण्याकडची टोळी दरवर्षी माझ्याकडे येते. यंदा नऊ जण आलेत. एकरी उक्तं ठरलं होतं. सोमवारी एक एकराची फळछाटणी उरकली आणि मंगळवारी सकाळी पेस्ट लावायला घेतली. ज्यांना बाग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, पेस्ट म्हणजे हायड्रोजन सायनामाइड. छाटलेल्या काडीचे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून लावतात. लिटरला चाळीस मिलीचं पाणी केलं, लावलेले डोळे ओळखू यावेत म्हणून त्यात रंग टाकला. हातात कापडाचा बोळा घ्यायचा, डब्यात बुडवायचा आणि एकेक डोळा पुसत जायचं. माझी बाग मांडवाची आहे, त्यामुळे दिवसभर हात वर. बोळ्यातलं पाणी मनगटावरून कोपराला आणि कोपरावरून काखेत उतरतं. मी रबरी हातमोजे आणून दिले होते. छाटलेल्या काडीची टोकं लागून दुपारपर्यंत ते फाटले, आणि उकडतं म्हणून चौघांनी तर आधीच काढून ठेवले होते. मला ते दिसत होतं. आभाळ आलं होतं, पावसाच्या आत एकर उरकायचा होता, म्हणून मी काही बोलले नाही. उलट घाई मीच केली.

संध्याकाळी सहाच्या सुमारास उचल दिली. तिघं मिळून एक बाटली घेऊन आले. पाऊण तासात एकाची बायको पळत घरी आली. जाऊन बघते तर त्या दादांचं तोंड, मान, छाती शेंदूर फासल्यासारखी लाल झालेली. डोळे लाल. धाप लागलेली. छातीवर हात ठेवला तर काळीज नुसतं थडथडत होतं. दोन उलट्या झाल्या आणि उभे राहायला गेले तसे खाली बसले. दुसऱ्याचं तोंडही तसंच लाल, डोकं फुटतंय म्हणत होता. तिसरा मात्र अगदी ठणठणीत.

१०८ ला फोन केला. दवाखान्यात नेलं तेव्हा वरचा बीपी ऐंशी होता. सलाइन, ऑक्सिजन लावलं. दोन दिवस ठेवून घरी सोडलं. माणूस वाचला, त्याबद्दल मी हात जोडते. पण केसपेपरवर लिहिलंय 'अति मद्यपान'. पेस्टचं मी तिथे सांगितलं होतं, पण कुणी लिहून घेतलं नाही. आता टोळीतही तेच चाललंय, गावातही तेच. पिऊन पडला.

मला हे पटत नाही. त्या दादांना मी आठ वर्षं बघते. एवढ्याशा दारूने ते कधी पडले नाहीत. आणि दुसरी गोष्ट डोक्यातून जात नाही. बाटली एकच होती. ज्या दोघांना त्रास झाला ते दिवसभर पेस्ट लावत होते. जो ठणठणीत राहिला तो त्या दिवशी छाटलेल्या काड्या गोळा करून बांधावर टाकत होता, पेस्टला त्याने हातच लावला नव्हता.

हे पेस्टमुळे होऊ शकतं का? सोमवारी राहिलेल्या दीड एकराला पेस्ट लावायची आहे. पेस्टनंतर किती दिवस घ्यायची नाही, हे मी त्यांना काय सांगू? आणि एका वहिनींच्या दोन्ही मनगटांची कातडी लाल होऊन सोलल्यासारखी झालीय. त्या तर दारूला शिवतही नाहीत. त्यांचं काय करू?

दिंडोरीरोडचा_डॉक्टर

ताई, तुम्ही जे बघितलंत ते बरोबर बघितलंत. काड्या गोळा करणाऱ्या माणसाची गोष्ट तुम्ही लिहिली नसती तर मीही अजून दोन प्रश्न विचारले असते.

दारू पोटात गेली की यकृतात तिचं आधी अॅसिटाल्डिहाइड होतं. हे विषारी असतं. शरीरातलं एक एन्झाइम लगेच त्याचं अॅसिटेट करतं आणि ते निरुपद्रवी असतं. सायनामाइड नेमकं हेच एन्झाइम बंद पाडतं. मग थोडी दारू घेतली तरी अॅसिटाल्डिहाइड रक्तात साचत जातं. तोंड लाल होणं, धडधड, धाप, उलट्या, डोकं ठणकणं, बीपी उतरणं हे सगळं त्याचंच. दारू सोडवायला डायसल्फिरामची गोळी देतात ती तुम्हाला ऐकून माहीत असेल. ती घेऊन माणूस प्यायला तर त्याला असाच त्रास होतो. जपानमध्ये तर सायनामाइड स्वतःच दारू सोडवायचं औषध म्हणून वापरतात. म्हणजे तुमच्या माणसांनी ते औषध दिवसभर कातडीतून घेतलं आणि संध्याकाळी त्यावर दारू घेतली.

कातडीतून ते आत जातं, हे नीट लक्षात घ्या. हात वर करून काम, काखेपर्यंत ओघळ, घाम, काडीचे ओरखडे. आत जायला याहून सोपी वाट नाही. दुपारची भाकरी त्याच हाताने खाल्ली असेल तर पोटातूनही गेलं.

ही गोष्ट नवीनही नाही. कॅल्शियम सायनामाइड हे खत बनवणाऱ्या कारखान्यांतल्या कामगारांना दारू प्यायल्यावर असाच त्रास होतो, ही नोंद पहिल्या महायुद्धाच्या सुमाराची आहे. २००१ मध्ये इटलीतल्या सिसिलीत हायड्रोजन सायनामाइड वापरणारे शेतकरी-मजूर आजारी पडले, त्याचीही नोंद झाली. युरोपीय संघाने २००८ मध्ये सायनामाइडला आपल्या मंजूर यादीत घ्यायचं नाकारलं. कारण होतं ते हाताळणाऱ्या माणसांची काळजी.

किती दिवस, हे विचारलंत. बंद पडलेलं एन्झाइम लगेच परत चालू होत नाही, शरीराला वेळ लागतो. म्हणून 'रात्री साबणाने आंघोळ केली, आता चालेल' हे खरं नाही. डब्यासोबतच्या पत्रकात जे लिहिलंय ते कमीत कमी समजा. मी माझ्याकडे येणाऱ्यांना सांगतो, कामाच्या आदल्या दिवसापासून बंद आणि शेवटचा डोळा पुसल्यावर पुढचा पूर्ण आठवडा बंद. यात दारू म्हणजे फक्त बाटली नव्हे. द्राक्षासव, दशमूलारिष्ट यांत अल्कोहोल असतं, खोकल्याच्या काही औषधांतही असतं. बाळंत होऊन कामावर आलेली बाई अरिष्ट घेत असेल तर तिलाही विचारा. तिला कुणी दारुडी म्हणणार नाही, पण त्रास तोच होईल.

वहिनींच्या मनगटांचं वेगळं आहे. हे द्रावण कातडी आणि डोळे जाळतं, त्याला दारूची गरज नाही. भरपूर पाण्याने आणि साबणाने धुवा, फोड फोडू नका, हळद-चुना लावू नका आणि त्यांना डॉक्टरला दाखवा. त्यांना पुन्हा पेस्टला लावू नका. एकदा अॅलर्जी बसली तर पुढच्या वेळी थोड्यानेही अंग उठेल. डोळ्यात उडालं तर लगेच पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा धरायचा आणि मग दवाखाना.

आणखी एक. पुन्हा कुणाला न्यायची वेळ आली तर डबा नाहीतर पत्रक सोबत न्या आणि 'हायड्रोजन सायनामाइड' हे शब्द उच्चारून सांगा. नुसतं 'औषध लागलं' म्हटलं की आमच्या डोक्यात आधी ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशक येतं आणि त्याचा उतारा म्हणून अॅट्रोपिन काढलं जातं. इथे ते उतारा नाही. याला वेगळा उताराच नाही, ऑक्सिजन, सलाइन, बीपी सांभाळणं हेच करायचं असतं. नावात साम्य असलं तरी ही सायनाइडची विषबाधाही नव्हे. तिथल्या डॉक्टरांना शंका असेल तर दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र चोवीस तास फोनवर सल्ला देतं, १८०० ११६ ११७.

ओझरचे_काका

ताई, तुमचा माणूस बरा झाला हे चांगलं झालं. पण मी पंचवीस वर्षं पेस्ट लावतोय आणि माझ्या बागेत एकही माणूस पडलेला नाही. इथे असं लिहिलं की उद्या बंदीची भाषा सुरू होते. पेस्टशिवाय आपली बाग फुटत नाही. परदेशात वेल थंडीत झोपतो आणि वसंतात आपोआप एकसारखा फुटतो. नाशिकची थंडी तेवढी नाही. पेस्ट नाही लावली तर शेंड्याचे दोन डोळे फुटतात आणि खालचे तसेच राहतात. मग एकाच काडीवर एक घड फुलोऱ्यात आणि दुसरा अजून पोंग्यात, म्हणजे कोंबातच. डावणी या बुरशीरोगाची फवारणी कुणाच्या वेळेवर करायची? युरोपवाल्यांनी नाही म्हटलं, ते त्यांना परवडतं.

पेठचा_मुकादम

काका, पडलेला माणूस मालकापर्यंत येत नाही. टोळीतच झोपवतात. रात्री लिंबू-पाणी पाजतात, सकाळी उठला तर कामावर, नाही उठला तर त्या दिवसाचा रोज बुडाला. मी चौदा वर्षं माणसं घेऊन येतोय. तोंड लाल होऊन धाप लागलेले मी किती बघितले ते मोजलेले नाहीत. आम्ही त्याला 'पेस्टची चढली' म्हणतो. आमच्या माणसांना हे माहीत आहे. का होतं ते माहीत नव्हतं, ते आज डॉक्टरसाहेबांनी सांगितलं.

ताई, घेऊ नका असं नुसतं सांगून होणार नाही. दिवसभर हात वर ठेवल्यावर रात्री खांदे असे ठणकतात की झोप येत नाही, म्हणून घेतात. मी काय करतो ते सांगतो. पेस्टच्या दिवशी उचल नाही. उचल छाटणीच्या आधी द्यायची, म्हणजे किराणा भरून होतो. पैसे अडकवल्यासारखं वाटू नये म्हणून हे सगळ्यांसमोर, बायांसमोर आधी बोलायचं. आणि ज्याला राहवतच नाही त्याला पेस्टला लावायचंच नाही. तो काड्या गोळा करेल, सुतळी बांधेल, त्याचाही रोज तोच. रोज कमी केला की माणूस खोटं बोलतो आणि पेस्टला जातो.

अजून एक मागणं. दुपारी जेवायच्या आधी हात धुवायला पाणी आणि साबण बागेतच ठेवा. आमची माणसं ड्रिपच्या नळीखाली हात धरतात, त्याने रंगसुद्धा जात नाही.

दिंडोरीरोडचा_डॉक्टर

काका, बंदी मी मागितलेली नाही. डोळे फुटायला हवेत हे मलाही कळतं, माझ्या सासऱ्यांचीही बाग आहे. पण तुमच्या बागेत कुणी पडलं नाही आणि तुम्हाला कुणी सांगितलं नाही, यातला फरक मुकादमभाऊंनी दाखवला. आणि माझ्याच पेशाचीही यात चूक आहे. तोंडाला वास आला की आम्ही 'मद्यपान' लिहितो आणि पेन खाली ठेवतो. तो दिवसभर काय करत होता हे विचारतच नाही. मग कागदावर विषबाधा उरतच नाही, आणि सरकारी आकड्यातही ती नसते. यवतमाळला २०१७ मध्ये फवारणी करताना वीसहून जास्त माणसं गेली तेव्हा सगळे हलले. इथे माणूस सहसा मरत नाही, दोन दिवसांनी घरी जातो, म्हणून कुणी बघत नाही.

निर्यातीच्या द्राक्षाचा नमुना ग्रेपनेट या सरकारी ऑनलाइन प्रणालीत नोंद करून प्रयोगशाळेत जातो, मण्यात काय किती उरलं ते तपासतात. तो मणी ज्या हातांनी फुटवला त्या हातांना काय झालं याची कुठे एक ओळ नसते. मला याचा खरंच त्रास होतो.

ताई, केसपेपरची प्रत घेऊन माझ्याकडे या, नाहीतर जिथे भरती केलं होतं तिथल्याच डॉक्टरांना लेखी अर्ज द्या. त्या दिवशी सायनामाइडचं काम केलं होतं हे नोंदवून घ्या, म्हणावं. मूळ कागद बदलणार नाहीत, पण अर्ज जोडता येतो. आणि खरं तेच सांगतो, भरपाईची आशा त्यांना दाखवू नका. शेतकऱ्यांच्या अपघातांसाठीच्या गोपीनाथ मुंडे योजनेत औषध हाताळताना विषबाधा होऊन मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर मदत मिळते, पण ती सातबाऱ्यावरच्या शेतकऱ्याला आणि त्याच्या घरातल्या एकाला. मजूर त्यात येत नाही.

निफाडची_बागायतदार

सगळ्यांचे आभार. दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण आधी टोळीशी बोलायचं होतं.

काल रात्री ओट्यावर सगळ्यांना बसवलं. डॉक्टरांनी लिहिलेलं मी मोबाइलवरून वाचून दाखवलं, दारू सोडायच्या गोळीपाशी दोनदा वाचलं. ते दादा मान खाली घालून बसले होते. त्यांच्या बायकोने विचारलं, "म्हणजे ह्यांनी जास्त नव्हती घेतली?" मी म्हटलं, नव्हती. ती रडायला लागली. चार दिवस ती त्यांच्याशी बोललीच नव्हती. आणि दोष माझा होता, हातमोजे काढलेले मी बघितले होते, हेही मी त्यांच्यासमोर सांगितलं.

अर्ज लिहून दिलाय. पोच घेतलीय.

सोमवारचं असं ठरलंय. उचल उद्याच देणार. दादा आणि मनगट सोललेल्या वहिनी पेस्टला नाहीत, रोज तोच. हातमोज्यांच्या वीस जोड्या पिंपळगावहून आणल्या, फाटला की लगेच दुसरा. बोळ्याऐवजी काठीला स्पंज बांधून बघितला, ओघळ हातावर येत नाही, पण कामाला दीडपट वेळ लागतो. म्हणून दीड एकराला एक दिवस वाढवून धरलाय, तो रोज माझ्याकडून. बांधावर दोन ड्रम पाणी आणि साबण.

मुकादमभाऊ, एक राहिलं. टोळीतले म्हातारे बाबा म्हणतात, आठवडाभर मी थांबेन, पण रात्री खांद्याचं काय करू? गरम पाण्याने शेकायला मी चूल पेटवून देईन, पण त्याने होतंय का? तुमची माणसं आणखी काय करतात ते सोमवारच्या आत सांगा.