मदत हवी आहे: तंबाखूच्या पाइपसाठी कोणतं लाकूड चालेल?

कृष्णाकाठ: तंबाखूचा पाइप हाताने घडवायचा आहे. इथे सांगलीत हाताशी चार लाकडं आहेत: जुन्या चौकटीतला साग, शिसवीचा तुकडा, मिरजेत सतारीला वापरतात त्या तुणीचा उरलेला ठोकळा आणि बांधावर पडलेल्या बोरीचं खोड. सागाचा नमुना करून पाहिला. वाटीची भिंत ६ मिमी, धुराचं भोक तळापासून ४ मिमी वर. तिसऱ्यांदा भरल्यावर भोकाशेजारी लाकडाचा कोळसा झाला, बाहेर पॉलिशला फोड आले. चूक लाकडाची की मापांची? पाइपचं नेहमीचं लाकूड, ब्रायर, मागवणं परवडत नाही.

रंधा_पटाशी: दोन्हींची. साग तेलकट, तापला की ते तेल धुरात उतरतं. त्यात जुन्या चौकटीला कधी कोणता रंग लावला, वाळवीचं कोणतं औषध पाजलं, कोण सांगणार? जुन्या रंगात शिसं असू शकतं. असलं लाकूड तोंडाशी नकोच. शिसवही बाद, तिच्या भुग्याची अनेकांना अ‍ॅलर्जी होते. तूण मऊ नि हलकी; सतारीला तेच हवं असतं, पाइपला नेमकं उलटं.

बोर ठेवा. घट्ट, बारीक रेषेचं लाकूड आहे. चीनमध्ये बोरीच्याच कुळातल्या झाडाचे पाइप करतात. पण ब्रायरची बरोबरी होणार नाही. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाची मुळाशी वाढलेली गाठ. तिचे धागे एकमेकांत गुंतलेले असतात, म्हणून उष्णतेने सहसा सरळ चिरत नाही. बोरीच्या रेषा सरळ, त्यामुळे भिंत १० मिमीपेक्षा बारीक करू नका. तळ १२ ठेवा.

खोड पडून किती दिवस झाले?

कृष्णाकाठ: चार महिने. साल अजून आहे.

रंधा_पटाशी: मग ओलंच आहे. आज भोक पाडलंत तर महिन्याभरात चीर पडेल. साल काढा, ५० × ५० × १२० मिमीचे ठोकळे कापा. खोडाचा अगदी मधला बिंदू कुठल्याही ठोकळ्यात येऊ देऊ नका. भेगा तिथूनच सुटतात. दोन्ही टोकांना वितळलेलं मेण फासा, कारण पाणी टोकांतून भराभर उडतं आणि टोकंच आधी फाटतात. सावलीत, खाली पट्ट्या घालून रचा. ठोकळ्यावर वजन नि तारीख पेन्सिलने लिहा. इंचाला वर्ष हा ढोबळ हिशेब, म्हणजे दोन वर्षं धरा. वजन आठवड्याला करा, महिनाभर हललं नाही की झालं. हा निकाल मात्र उन्हाळ्यात लावायचा. पावसाळ्यात सुकं लाकूडही हवेतला ओलावा पिऊन जड होतं.

कातारी_सातारा: थोडी भर. पेरूही चालतो, तोही असाच मुरवून. कण्हेर, काजरा, बिब्बा यांना हातही लावू नका. पहिली दोन विषारी, बिब्ब्याच्या चिकाने अंगावर फोड येतात. प्लायवूड, एमडीएफ आणि पॅकिंगच्या खोक्यांच्या फळ्याही नकोत. घासताना एन-९५ मास्क लावा, मग लाकूड कितीही साधं असो.

आता मापं. ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंवर रेषा आखा आणि शिकंज्यात धरा. आधी दांडीचं भोक, ज्यात तोंडी बसते, ८ मिमी व्यासाचं, २० मिमी खोल. त्यातूनच ४ मिमीचं धुराचं भोक. वाटी शेवटी: व्यास १९, खोली ३५ मिमी. चपट्या बिटाचं टोक घासून गोल करा, म्हणजे तळ गोल येतो. धुराचं भोक तळाशी टेकलंच पाहिजे. तुमचं वर राहिलं, म्हणून खाली ओली तंबाखू साचली, ओढ जोरात घ्यावी लागली आणि सगळी धग भोकाच्या तोंडाशी आली. भोक पुन्हा वर आलं तर वाटी तेवढी खोल करा, तळ उरत असेल तरच.

कृष्णाकाठ: पॉलिश आणि आतला लेप? तोंडीला पीव्हीसीची नळी चालेल?

कातारी_सातारा: पीव्हीसी नको, एबोनाइटची (कडक रबराची) कांडी घ्या. बाहेर वॉर्निश किंवा पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश नको. आतला ओलावा अडला की थर फुगतो, तुमचे फोड तेच. नुसतं मेण चोळा. आत घट्ट ताकात अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल कालवून पातळ हात द्या, चार-पाच दिवस सुकवा. एपॉक्सी किंवा गोंद वाटीत अजिबात नको. पहिल्या काही वेळा वाटी एक तृतीयांशच भरा. आत १ मिमी काजळी धरली की तीच लाकडाला वाचवते; १.५ च्या वर गेली तर खरवडा, नाहीतर तापून फुगते आणि वाटी फोडते. बाकी लाकूड निवडून तंबाखू काही निर्धोक होत नाही, ते गृहीत धरूनच हे सगळं.

कृष्णाकाठ: बोरीचे पाच ठोकळे निघतील. एक जास्तीचा चाचणीला ठेवतो.

रंधा_पटाशी: दोन ठेवा. मेण लावूनही एखादा फाटतोच.