प्रशिक्षणाचा बॉण्ड: आधी खर्च दाखवा, मग वसुली

कलम_७४
कंपनीने पैसे घालून माणूस शिकवला आणि तो सहा महिन्यांत निघून गेला, तर खर्च परत मागण्यात गैर काही नाही. पण नव्याने रुजू होणाऱ्यांकडून जे बॉण्ड लिहून घेतात, त्यांत खर्चाचा उल्लेखच नसतो. ‘दोन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख भरीन’, बस्स. पहिल्या महिन्यात सोडा नाहीतर तेविसाव्या, रक्कम तीच.

करार कायद्याचं (१८७२) कलम ७४ याच्या आड येतं. करारात लिहिलेली रक्कम ही फक्त कमाल मर्यादा. न्यायालय तिच्या आत वाजवी भरपाई ठरवतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २०११ मध्ये सिक्पा इंडिया या कंपनीच्या दाव्यात तेच केलं. बॉण्ड २ लाखांचा, मुदत ३ वर्षं. धरला गेलेला प्रशिक्षण खर्च ६७,५९५ रुपये. कर्मचाऱ्याने दोन वर्षं काम केलं होतं, म्हणून उरलेल्या तिसऱ्या हिश्श्याचे २२,५३२ रुपये मंजूर झाले.

तर बॉण्डही तसाच लिहा. कोर्सचं नाव, तारखा, संस्थेची फी, प्रवास, मुक्काम. फीवरच्या जीएसटीचं क्रेडिट कंपनीला मिळत असेल, म्हणजे तो तिच्या पुढच्या करातून वजा होत असेल, तर तो कर यात धरू नका. समजा बेरीज १,२०,००० आणि मुदत २४ महिने. दरमहा ५,००० कमी होत जातील. दहा महिन्यांनी सोडलं तर देणं ७०,०००. प्रशिक्षणाच्या काळातला पगार मात्र यात घालू नये, तो कामावर हजर राहिल्याचा मोबदला आहे.

वर्कशॉपवाला
पावत्यांवर दिसतो तो खर्चाचा सगळ्यात लहान भाग. पाच अक्षांच्या, धातू कापणाऱ्या मशिनवर माणूस तयार करताना क्लासची फी एकदाच जाते. पुढे कित्येक आठवडे मशिन अर्ध्या वेगाने चालतं, कुशल सेटर (मशिनची जुळणी करणारा) स्वतःचं काम सोडून त्याच्याशेजारी उभा असतो आणि टूलच्या लांबीचा ऑफसेट (मशिनला द्यायचं माप) चुकीचा भरला गेला की टूल जॉबवर, म्हणजे घडवायच्या तुकड्यावर, आदळतं. कधी नुसतं इन्सर्ट (टूलची बदलता येणारी धार) तुटतं, कधी टूल फिरवणाऱ्या स्पिंडलचं बेअरिंग जातं आणि मशिन बंद पडतं. याचं बिल कोण देतो? म्हणूनच रक्कम आधी ठरवावी लागते. आणि त्या दिवसांत तो एकही जॉब काढत नसेल तर पगार हा शिकवण्याचाच खर्च झाला.

शिवाय सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये विजया बँकेचा ३ वर्षं किंवा २ लाख रुपये हा बॉण्ड उचलून धरलाच की. १९६७ च्या सेंच्युरी स्पिनिंग प्रकरणात तर कल्याणच्या कारखान्यात टायर कॉर्डचं (टायरमधल्या मजबूत धाग्याचं) काम शिकून राजस्थानातल्या कोटा इथल्या कंपनीत गेलेल्या माणसाला पाच वर्षांची मुदत संपेपर्यंत तसलं काम दुसरीकडे करायला मनाई झाली.

करारतज्ज्ञ
वर्कशॉपवाले, दोन्ही निकाल खरे आहेत, पण तुमच्या उपयोगाचे कमी. विजया बँकेच्या प्रकरणात प्रश्न प्रशिक्षणाचा नव्हताच. सरकारी बँकेला जाहिरात देऊन खुली भरती करावी लागते, अधिकारी मध्येच गेला की तो सगळा खटाटोप पुन्हा. त्यात अधिकारी वरिष्ठ श्रेणीतला, म्हणून २ लाख अवाजवी ठरले नाहीत. महिना अठरा हजारांच्या ट्रेनीला तीच रक्कम कशी लावणार? आणि कल्याणच्या प्रकरणात परदेशी कंपनीचं तंत्रज्ञान गुप्त ठेवण्याची अट होती. मशिन चालवायला शिकणं हे गुपित नाही.

तुमचा न दिसणारा खर्च मात्र सिद्ध करता येतो. ट्रेनीच्या नावे वही ठेवा: तारीख, मशिनचे तास, तासाचा दर, शिकवणाऱ्याचे तास, भंगारात गेलेल्या जॉबचा क्रमांक आणि वजन. आठवड्याला दोघांच्या सह्या. राजीनामा आल्यावर मागच्या तारखा टाकून भरलेला तक्ता उलटतपासणीत टिकत नाही. स्पिंडलची दुरुस्ती मात्र त्यात येणार नाही. शिकाऊ माणसाला मशिनवर उभं करण्याची जोखीम मालकाचीच.

ठाम_विरोध
मला बॉण्डच मान्य नाही. वसुली होते कशाच्या जोरावर, ते पाहा: मूळ पदविका कपाटात, कोरा चेक फाइलीत, रिलिव्हिंग लेटर (नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र) अडवलेलं. न्यायालयात कोण जातो? २२ वर्षांचा मुलगा घाबरून थांबतो आणि दोन वर्षं पगारवाढ मागायची हिंमत करत नाही. हाच बॉण्डचा खरा फायदा आहे, आणि तो मालकाला होतो. माणूस टिकवायचा असेल तर पैसे शेवटी द्या: बारा महिन्यांनी वीस हजार, चोवीस झाल्यावर चाळीस.

ज्यांनी आधीच सही केली आहे त्यांनी एवढं करा. मूळ कागद देऊ नका, प्रती द्या. चेक देणं टळत नसेल तर ‘फक्त सुरक्षेपोटी’ असं लिहून, चेकचा क्रमांक घालून पत्र द्या आणि पोच घ्या. पीएफला बॉण्डसाठी हात लावता येत नाही. कंपनीने पीएफच्या नोंदीत नोकरीतून बाहेर पडल्याची तारीख भरली नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी यूएएन (पीएफ सदस्य क्रमांक) पोर्टलवर स्वतः भरता येते.

वर्कशॉपवाला
कोरा चेक आणि मूळ कागद ठेवणं चूकच, त्याची बाजू मी घेणार नाही. पण शेवटी बक्षीस द्या म्हणता, ते थांबणाऱ्याला. शेजारचा गाळेवाला तीन हजार जास्त देऊन तयार माणूस उचलतो, त्याने शिकवण्यावर रुपया घातलेला नसतो. लहान कारखान्यांनी शिकवणंच बंद केलं तर नुकसान कोणाचं? माझ्या मते उरलेली रक्कम नव्या मालकाने भरावी, आणि तशी सोय करारातच लिहावी.

हिशेबनीस
एक भर घालतो. फुल अँड फायनलमध्ये (नोकरी सोडतानाच्या शेवटच्या हिशेबात) बॉण्डच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी लावलेला दिसला तर लेखी हरकत घ्या. ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाप्रमाणे मुदतीआधी नोकरी सोडल्याबद्दल घेतलेल्या बॉण्डच्या रकमेवर जीएसटी लागत नाही.

कलम_७४
सह्यांच्या वहीची सूचना पटली. पगाराबद्दलही थोडं सरकतो: पूर्ण वेळ वर्गात बसवलेले दिवस धरा, मशिनवरचे नाही. नव्या मालकाने रक्कम भरायलाही हरकत नाही, पण ती दरमहा कमी होणारीच हवी.

ठाम_विरोध यांचं भय खरं आहे, म्हणून सही करण्याआधी एक ओळ शोधा: ‘कोणत्याही कारणाने सेवा संपुष्टात आल्यास’. हिच्यामुळे कंपनीने स्वतः कामावरून काढलं तरी पैसे मागण्याची वाट उघडी राहते. ती खोडून तिथे ‘कर्मचाऱ्याने स्वतः राजीनामा दिल्यास’ असं लिहून घ्या, आणि खाडाखोडीवर दोन्ही पक्षांच्या सह्या घ्या.