प्रसिद्धिपत्रकातले 'शोध', 'संशोधन' आणि 'मुळे'

प्रश्न : मी एका विद्यापीठाच्या जनसंपर्क विभागात काम करते. विज्ञान शाखेतल्या प्राध्यापकांचे काम वर्तमानपत्रांपर्यंत पोचावे म्हणून मराठीत प्रेसनोट काढणे माझ्याकडे असते. दर वेळी गाडी एकाच जागी अडते. 'शोध', 'संशोधन' आणि 'अभ्यास' यांपैकी कुठे काय वापरायचे? प्राध्यापक म्हणतात 'संशोधन' लिहा. वरिष्ठ म्हणतात 'शोध' लिहा, मथळ्यात उठून दिसतो. मूळ मजकूर हिंदीतून आला असेल तर गोंधळ आणखीच वाढतो. आणि 'प्रसिद्धीपत्रक' बरोबर की 'प्रसिद्धिपत्रक'?

उत्तर : ताई, सोपे आधी उरकू. 'प्रसिद्धिपत्रक', द्धि ऱ्हस्व. असे तत्सम शब्द एकटे असताना मराठीत दीर्घ लिहितात (प्रसिद्धी, बुद्धी, शक्ती), पण समासात पहिले आले की मुळातला ऱ्हस्व टिकतो : बुद्धिबळ, शक्तिस्थान, प्रसिद्धिपत्रक. बोलताना सगळे प्रेसनोटच म्हणतात, आणि त्यात काही वावगे नाही.

आता 'शोध'. हा शब्द कोणत्या क्रियापदाबरोबर येतो त्यावर त्याचा अर्थ ठरतो. शोध 'घेतात' तेव्हा वस्तू अजून हाती आलेली नसते. शोध 'लागतो' किंवा 'लावतात' तेव्हा काम फत्ते झालेले असते. गुरुत्वाकर्षणाचाही शोध लावला आणि वाफेच्या इंजिनाचाही शोध लावला, म्हणजे आधीपासून असलेले सापडणे आणि नसलेले घडवणे, या दोन्हींना मराठीत हाच एक शब्द आहे. 'संशोधन' मात्र चालू असणारी गोष्ट. ते करतात, त्यातून काही निघते किंवा निघत नाही. विद्यापीठातले बहुतेक काम या दुसऱ्या जातीचे असते, म्हणून तुमचे प्राध्यापक 'संशोधन'चा आग्रह धरतात तो अगदी रास्त आहे. 'अभ्यास' हा एका विशिष्ट पाहणीसाठी किंवा प्रयोगासाठी ठेवावा : 'या अभ्यासात इतक्या रुग्णांची पाहणी केली.'

हिंदीत गणित उलटे आहे. तिकडे 'शोध' म्हणजे आपले संशोधन, आणि 'संशोधन' म्हणजे दुरुस्ती. आपण घटनादुरुस्ती म्हणतो तिथे ते 'संविधान संशोधन' म्हणतात. दोन्ही अर्थ मुळातल्या 'शुद्ध करणे' यातूनच आले आहेत. मराठीतला अर्थ मात्र चांगलाच रुळलेला आहे. पुण्यात 1910 साली राजवाडे प्रभृतींनी काढलेली संस्था 'भारत इतिहास संशोधक मंडळ', आणि 1917 सालचे 'भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर'. तेव्हा हिंदीतून आलेला 'शोधकर्ता' मराठीत 'संशोधक' करावा आणि 'शोधपत्र'चा 'शोधनिबंध'. शोधनिबंध नियतकालिकात छापून येतो, शोधप्रबंध पीएचडीसाठी सादर करतात. बातम्यांत या दोघांची सर्रास अदलाबदल होते, ती प्रेसनोटमध्येच टाळता येते.

'शोध लावला' कुठे शोभतो याचे चांगले उदाहरण पुण्यातलेच आहे. जुलै 2017 मध्ये आयुका आणि आयसर पुणे या संशोधन संस्थांच्या खगोलशास्त्रज्ञांनी 'सरस्वती' या दीर्घिकांच्या (म्हणजे ताऱ्यांच्या प्रचंड समूहांच्या) महासमूहाची घोषणा केली. अंतर सुमारे 400 कोटी प्रकाशवर्षे, विस्तार 60 कोटी प्रकाशवर्षांहून जास्त. ही वस्तू तिथे होती आणि आधी कोणाच्या ध्यानात आली नव्हती. इथे 'शोध लावला' हेच चोख मराठी. फक्त तिला 'आकाशगंगांचा महासमूह' म्हणू नये असे मला वाटते. खगोलशास्त्रावर मराठीत जाणतेपणाने लिहिणारे 'दीर्घिका' म्हणतात आणि 'आकाशगंगा' हे नाव आपल्या स्वतःच्या दीर्घिकेसाठी राखून ठेवतात. प्रेसनोटमध्ये 'दीर्घिका' असेल तर बातमीतही तो शब्द यायला वाट मिळते.

उलट उदाहरण अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाचे. 23 मार्च 1989 रोजी तिथे स्टॅन्ली पॉन्स आणि मार्टिन फ्लाइशमन यांनी पत्रकार परिषद घेऊन जाहीर केले की साध्या प्रयोगशाळेतल्या भांड्यात, नेहमीच्या तापमानाला, अणुकेंद्रांचे संमीलन (सूर्याच्या पोटात चालते ती क्रिया) घडवून आणले आहे. निबंध अजून छापून आलेला नव्हता. जगभरच्या प्रयोगशाळांनी तो प्रयोग करून पाहिला आणि अनेकांच्या हाती काहीच लागले नाही. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकी ऊर्जा खात्याच्या समितीनेही पुरावा पटण्याजोगा नसल्याचे सांगितले. तिथे जे चालू होते ते संशोधन होते. पत्रकारांसमोर ते शोध म्हणून मांडले गेले.

प्रश्न : धन्यवाद सर, हे पटले. पण आमच्याकडे उत्तर ठरलेले असते : 'संशोधनात आढळून आले' असे मिळमिळीत लिहिले तर उपसंपादक ती नोट बाजूला टाकतो. अतिशयोक्ती झालीच तर ती पत्रकार करतात, आपण नाही.

उत्तर : या समजुतीची पडताळणी झालेली आहे. कार्डिफ विद्यापीठाच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या 20 आघाडीच्या विद्यापीठांची 2011 सालची, आरोग्याशी संबंधित 462 प्रसिद्धिपत्रके घेतली आणि ती मूळ निबंधांशी व बातम्यांशी ताडून पाहिली. हा निबंध 2014 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. कार्यकारणाचा, म्हणजे 'यामुळे ते होते' असा, दावा 33 टक्के पत्रकांत निबंधापेक्षा फुगवलेला होता. पत्रकात तो फुगवलेला असेल तर 81 टक्के बातम्यांतही तसाच आला. पत्रक नेमके असेल तर 18 टक्क्यांत. प्राण्यांवरचे निष्कर्ष माणसाला लावण्याच्या बाबतीत हेच आकडे 86 आणि 10 होते. फुगवल्यामुळे बातमी जास्त छापली जाते, याला फारसा आधार मिळाला नाही. तुमच्या वरिष्ठांपुढे हे आकडे जरूर ठेवा.

मराठीत हा फुगवटा शिरतो तो बहुधा एका शब्दयोगी अव्ययातून : 'मुळे'. समजा, एखाद्या पाहणीत कॉफी पिणाऱ्यांत अमुक आजाराचे प्रमाण कमी दिसले. त्याचा मथळा 'कॉफीमुळे आजार टळतो' असा झाला की दोन गोष्टी एकदम बदलल्या. 'मुळे'ने कारण ठरवून टाकले, आणि 'टळतो' या वर्तमानकाळाने एका पाहणीचा त्रिकालाबाधित नियम केला. आपण 'सूर्य पूर्वेला उगवतो' म्हणतो तोच हा काळ. 'कॉफी पिणाऱ्यांमध्ये आजाराचे प्रमाण कमी आढळले' हे वाक्य तीन शब्दांनी लांब असेल, पण खरे आहे, आणि मिळमिळीत तर मुळीच नाही. 'मुळे' लिहिण्याआधी संशोधकाला फोन करून सरळ विचारावे : हे कारण म्हणून दाखवले आहे, की दोन्ही गोष्टी नुसत्या बरोबर दिसल्या?

'सिद्ध झाले' गणितासाठी ठेवावे. 'लक्षणीय' जपून वापरावे. संख्याशास्त्रात त्याचा अर्थ 'खरा फरक नसता तर निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता कमी' एवढाच, आणि वाचक मात्र 'मोठा फरक' असे वाचतो. आणि उंदरांवर प्रयोग झाला असेल तर 'उंदीर' हा शब्द मथळ्यातच हवा, सहाव्या परिच्छेदात नको. ज्याच्या घरात तो आजार आहे असा माणूस मथळा वाचून डॉक्टरांकडे कात्रण घेऊन जातो, त्याची फसगत करण्याचा आपल्याला काही अधिकार नाही.

आणखी एक वाचक : दोन पुरवण्या. 'पिअर रिव्ह्यू'ला काही नोटांत 'समवयस्कांनी तपासलेला' असे लिहिलेले असते. वयाचा इथे काही संबंध नाही. 'त्याच विषयातल्या अन्य तज्ज्ञांनी तपासलेला शोधनिबंध' असे सरळ लिहावे. निबंध अजून तपासून झालेला नसेल तर तेही पहिल्या परिच्छेदात सांगावे.

दुसरी पुरवणी 'एम्बार्गो'विषयी. त्याला 'प्रसिद्धिबंदी' म्हटले की सरकारने बातमी दाबल्यासारखे वाटते. इथे बातमी आधी हातात देतात आणि ठरलेल्या वेळेपर्यंत थांबायला सांगतात, जेणेकरून पत्रकाराला निबंध वाचायला, दुसऱ्या तज्ज्ञाशी बोलायला सवड मिळावी. एकच शब्द शोधत बसण्यापेक्षा नोटेच्या माथ्यावर पूर्ण वाक्य द्यावे : 'हा मजकूर अमुक तारखेला, भारतीय वेळेनुसार इतक्या वाजेपर्यंत प्रसिद्ध करू नये.' भारतीय वेळ आवर्जून द्यावी. 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकाची वेळ बुधवारी लंडनचे दुपारचे चार ही असते. म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात रात्रीचे साडेनऊ आणि त्यांची उन्हाळी वेळ चालू असताना साडेआठ. हा एक तास चुकला तर बातमी वेळेआधी फुटते.

प्रश्नकर्ती : आभार. उद्याच्या नोटेत दोन 'मुळे' आहेत. निघायच्या आधी प्राध्यापकांना फोन करते.