खिंडीतले जोडबुरूज : काल्पनिक राज्याच्या वाटेची राखण कशी दाखवावी?

रानवाट :
मी एक अद्भुतरम्य कादंबरी लिहीत आहे. तिच्यातील डोंगरी राज्याला मैदानाशी जोडणारी एकच व्यापारी वाट असून ती जिथे खिंडीत शिरते, तिथे दोन्ही अंगांना उंच बुरूज आणि मधोमध दरवाजा अशी योजना मी केली आहे. या जगात तोफा नाहीत. धनुष्ये, भाले आणि गोफणी एवढीच शस्त्रे आहेत. खर्डा वाचणाऱ्या मैत्रिणीने दोन शंका काढल्या. शत्रू बुरुजांना वळसा घालून का जात नाही, आणि दरवाजा सदैव बंद असेल तर गाड्यांची ये-जा कशी होते? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

कडेकपार :
पहिल्या शंकेचे उत्तर बुरुजांत नव्हे, डोंगरात शोधावे. नाणेघाट पाहा. कोकणातून जुन्नरकडे चढणारी ही वाट शेवटी कातळ फोडून केलेल्या अरुंद घळीतून माथ्यावर येते आणि शेजारीच जीवधन किल्ला उभा आहे. एखादा धनगर दुसऱ्या नाळेने, म्हणजे कड्यातल्या अरुंद घळीने, कडा चढून येईलही, पण लादलेले बैल, धान्य आणि तंबू घेऊन निघालेल्या फौजेला ते साधणार नाही. तेव्हा आडवाटा जरूर दाखवा, मात्र त्या फौजेच्या कामाच्या नसाव्यात. आणि त्या प्रत्येकीवर मेट, म्हणजे पहाऱ्याची छोटी चौकी, बसवा. आपल्याकडे अशा मेटांवर राखणदारांची घरेच असत, त्यामुळे रानातला अनोळखी माणूस त्यांना चटकन कळे.

दुसऱ्या शंकेबद्दल थोडक्यात सांगतो. अशी जागा वाट अडवण्याइतकीच जकात घेण्यासाठीही असते. नाणेघाटाच्या माथ्यावरील दगडी रांजणात जकातीची नाणी टाकत, असे परंपरेने सांगितले जाते. दिवसा दरवाजा उघडा राहिला, तरच बुरुजांवरील शिबंदीचा पगार निघेल.

तटसरनौबत :
मला अधिक खटकतो तो समोरून सरळ दिसणारा दरवाजा. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्र या राजनीतीवरील ग्रंथात दरवाजा खालून दिसू नये, पुढे बुरूज देऊन तो झाकावा आणि वाट बुरुजांच्या कवेतून न्यावी, असा विचार आहे. शिवकाळातील गोमुखी बांधणीत, म्हणजे बुरुजांच्या कवेत दडवलेल्या दरवाजात, हेच दिसते. लोहगडावर तर गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा अशा चार दरवाजांतून वळणे घेत चढावे लागते आणि त्या चढणीत माणूस सतत वरच्या तटाच्या माऱ्याखाली राहतो. ओंडक्याने दार फोडायला धावण्यापुरती जागा लागते. दारापुढेच वळण असेल, तर ती मिळत नाही.

मात्र किल्ल्याची वाट आणि व्यापाराची वाट यांत फरक आहे, आणि आपल्या कथानकाची खरी परीक्षा इथेच होईल असे मला वाटते. इतक्या आखूड वळणावर जू बांधलेली गाडी फिरणार नाही. आपल्या घाटांतून माल मुख्यतः लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून जाई. आपणही गाड्या खिंडीच्या पायथ्याशी थांबवाव्यात. तिथे माल उतरवून बैलांवर लादला जाईल आणि आपोआप एक पेठ वसेल. दरवाजाच्या आत दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांच्या देवड्या, दाराला भिंतीत सरकणारा अडसर आणि रात्री उशिरा येणाऱ्यासाठी दिंडी, म्हणजे मोठ्या दारातलेच छोटे दार, द्या. दिंडीतून आत येताना मान वाकवावी लागते, त्यामुळे येणारा माणूस आतल्या तलवारीच्या टप्प्यात आधी डोके घालतो.

रानवाट :
पायथ्याच्या पेठेने माझे एक अख्खे प्रकरण मार्गी लागले. दोघांचेही मनापासून आभार. आणखी एक विचारते. कथेच्या मध्यावर फितुरीमुळे बुरूज शत्रूच्या हाती पडतात. पुढे ते परत घ्यायचे आहेत; पण मी ते इतके बळकट केले आहेत की आता तेच आड येतात.

तटसरनौबत :
ते फक्त बाहेरच्या बाजूने बळकट ठेवा. युरोपातील मध्ययुगीन तटबंद्यांत कित्येक बुरूज आतल्या अंगाला मुद्दाम उघडे ठेवलेले आढळतात. शत्रूने असा बुरूज घेतला, तरी पाठीमागून येणाऱ्या बाणांपासून त्याला आडोसा मिळत नाही.

कडेकपार :
त्याला जोडून पाण्याचाही विचार करावा. टाकी बुरुजाच्या पोटात न खोदता मागच्या उतारावर, राज्याच्या बाजूला खोदलेली दाखवा. समोरून वेढा पडला, तरी आपल्या शिबंदीला पाणी मिळत राहील. आणि बुरूज बळकावणाऱ्याला मात्र पहिल्याच दुपारी घागर घेऊन आपल्या तिरंदाजांसमोर उतरावे लागेल.