विंडोज ११ सोबत उबंटू टाकायचंय, फॉरमॅट लागतोच का?

ऐरोलीकर_पोरगा
नमस्कार मंडळी, कॉम्प्युटर सेकंड इयरला आहे, लॅपटॉपला एकच ५१२ जीबीची एसएसडी, त्यावर विंडोज ११. लॅबमध्ये सगळं लिनक्सवर चालतं म्हणून घरी पण उबंटू (लिनक्सचाच एक प्रकार) पाहिजे, पण विंडोज उडवता येत नाही कारण बाबांचं टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर) त्यातच आहे आणि ते गेलं तर माझं काही खरं नाही. वाशीचा एक दुकानवाला म्हणतो फॉरमॅट मारून दोन्ही टाकून देतो. खरंच लागतो का?

घोडबंदर_बाबू
अजिबात नाही, आणि त्या दुकानात परत जाऊ पण नकोस. आधी बिटलॉकर बघ, म्हणजे विंडोजचं डिस्क कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणारं फीचर. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की बऱ्याच लॅपटॉपवर एन्क्रिप्शन गुपचूप चालू होतं, कोणाला पत्ता नसतो, मग बायोसमध्ये (लॅपटॉप चालू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) काही बदललं तर निळी स्क्रीन येऊन ४८ आकडी रिकव्हरी की, म्हणजे किल्ली, मागते. ती अकाउंटमध्ये सापडेल, कागदावर उतरव (त्याच लॅपटॉपवर सेव्ह करणारे पण बघितलेत 😄). टॅलीचा डेटा वेगळ्या हार्ड डिस्कवर घे, कारण ज्या पेनड्राइव्हवर उबंटूचा इन्स्टॉलर टाकशील तो पूर्ण पुसला जातो. मग डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राइव्ह श्रिंक (लहान) कर, उबंटूला १०० जीबी पुरे, ती जागा तशीच अनअलोकेटेड, म्हणजे मोकळी, राहू दे.

नेरूळची_ताई
फास्ट स्टार्टअप राहिलं की! ते बंद कर, नाहीतर शटडाउन करून पण विंडोज अर्धवट झोपलेलं असतं आणि उबंटूतून सी ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही. आणि इन्स्टॉलरला एसएसडी दिसली नाही तर बहुतेक बायोसमध्ये इंटेलचं व्हीएमडी (एसएसडी हाताळायचं एक सेटिंग) चालू असणार, ते घाईत बंद करू नकोस, विंडोज बूटच होणार नाही, आधी विंडोज सेफ मोडमध्ये (कमीत कमी ड्रायव्हरवर) चालू व्हायला लावून मग बदलायचं.

कळवा_लोकल
एवढा उपद्व्याप कशाला, डब्ल्यूएसएल टाक ना, विंडोजच्या आतच लिनक्स चालतं.

ऐरोलीकर_पोरगा
दादा, पुढच्या सेमला कर्नल मॉड्यूल (लिनक्सच्या गाभ्यात जोडायचे कोडचे तुकडे) लोड करायचेत, सर म्हणाले डब्ल्यूएसएल नको. बिटलॉकर चालू निघालं, रिकव्हरी की पण मिळाली, बाबांच्या अकाउंटला होती. आता?

घोडबंदर_बाबू
मग बिटलॉकर बंद करून पूर्ण डिक्रिप्ट होऊ दे, चार्जर लावून ठेव, वेळ लागतो. चालू असताना उबंटूचा इन्स्टॉलर बऱ्याचदा विंडोजच्या शेजारी टाकायचा ऑप्शनच देत नाही. ईएफआय पार्टिशन (बूटच्या फाइल्सचा डिस्कवरचा छोटा भाग) आहे तेच वापर, नवीन बनवू नकोस. नंतर विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर घाबरू नकोस, उबंटूला लोकल टाइम वापरायला सांगितलं की झालं.