शब्दचर्चा : वणवा विझवताना गेलेल्यांना काय म्हणावं?

अनुजा_फिनिक्स
ॲरिझोनात यार्नेल गावाजवळ ‘ग्रॅनाइट माउंटन हॉटशॉट्स’चं स्मृती उद्यान आहे. 30 जून 2013 ला तिथल्या वणव्यात प्रेस्कॉट शहराच्या या 20 जणांच्या वणवा विझवणाऱ्या तुकडीतले 19 जण गेले. टेहळणीवर असलेला एकटा वाचला. आमच्या मंडळाची सहल तिकडे जाणार आहे, म्हणून पानभर मराठी टिपण करतेय. ‘19 अग्निशमन जवान शहीद झाले’ असं लिहिलं खरं, पण खटकतंय.

शब्दवेल्हाळ
‘अग्निशमन जवान’ म्हटलं की आपल्याला लाल बंब नि पाण्याचा पाइप दिसतो. ही माणसं पाणी मारत होती का?

अनुजा_फिनिक्स
छे. कुदळी, फावडी, चेनसॉ. आगीच्या वाटेवरची झुडपं तोडायची, गवत खरवडायचं आणि उघड्या मातीचा पट्टा काढायचा, म्हणजे पुढे जळायला काही उरत नाही.

गोंदियाकर
ताई, ही तर जाळरेषा! आपल्या वनखात्याचा रोजचा शब्द. उन्हाळा लागायच्या आत काढून ठेवतात. आणि माणसांना सरळ ‘वणवा विझवणारे’ म्हणा. आमच्याकडे ते वनरक्षक, वनमजूर नाहीतर हंगामी फायर वॉचर असतात. ‘जवान’ कोणी म्हणत नाही. पाठीवर वाऱ्याचा झोत मारणारा ब्लोअर असला तर नशीब, नाहीतर हिरव्या फांद्यांनी झोडपायचं. 8 एप्रिल 2021 ला नवेगाव-नागझिऱ्यात असेच तिघे हंगामी मजूर गेले. आग आटोक्यात आली असं वाटत असताना वाऱ्यानं ती पुन्हा उठवली.

अनुजा_फिनिक्स
यार्नेललाही वाराच. वीज पडून लागलेली आग, दोन दिवसांनी वादळी ढगांतून सुटलेल्या वाऱ्यानं दिशा फिरवली. शेवटी त्यांनी अंगावर घ्यायचे चकचकीत तंबू उघडले होते. ते धग परतवतात, पण ज्वाळा थेट भिडली की टिकत नाहीत.

पळसफूल
मग ‘हुतात्मा’ का नको? सावरकरांनी रूढ केलेला शब्द, अस्सल आपला.

शब्दवेल्हाळ
फोड करून बघा. हुत म्हणजे अग्नीत आहुती दिलेलं. स्वातंत्र्यासाठी फासावर गेलेल्याला ते रूपक शोभतं. आगीतच गेलेल्या माणसाला लावलं की रूपक उरत नाही, अंगावर येतं. शिवाय आहुती द्यायला कोण गेलं होतं? संध्याकाळी घरी परतायच्या हिशेबानंच गेले होते.

पळसफूल
पण सरकारी शब्द ‘वन शहीद’ आहेच की. 11 सप्टेंबरला राष्ट्रीय वन शहीद दिन असतो, 1730 मध्ये राजस्थानातल्या खेजडलीत झाडांसाठी प्राण दिलेल्या बिश्नोईंच्या स्मरणार्थ.

गोंदियाकर
दिवसाला नाव ठीक आहे. माझा राग बातम्यांवर आहे. ‘वणव्यात होरपळून तिघांचा मृत्यू’, हे ठरलेलं वाक्य. जणू मोहफुलं वेचायला गेले होते नि सापडले! ते तिथे कामावर होते हे वाक्यातून पार गायब. ‘शहीद’नं उलटंच होतं, माणूस एकदम पुतळ्यावर चढतो आणि हंगामी मजुराच्या घरच्यांना पुढे काय मिळालं हे विचारायचं राहून जातं.

शब्दवेल्हाळ
तुमच्या रागातच उत्तर आहे. ‘कामी आले’. बखरींत लढाईत पडलेल्यांसाठी ‘कामास आले’ येतं. ‘कर्तव्य बजावताना मृत्यू’ हे शासन निर्णयात शोभेल, सहलीच्या टिपणात नाही. ‘धारातीर्थी पडले’ तर मुळीच नको, ती धार तलवारीची.

पळसफूल
हल्ली ‘भिशीचे पैसे कामी आले’ असंही म्हणतात. आमची मुलं नेमका तोच अर्थ घेतील.

शब्दवेल्हाळ
नुसतं लिहिलं तर घेतील. मागे ‘वणवा विझवताना’ जोडलंत की पैशाचा अर्थ लागायला जागाच नाही.

अनुजा_फिनिक्स
‘यार्नेलचा वणवा विझवताना प्रेस्कॉटचे 19 जण कामी आले.’ हे ठेवते. पायवाटेवर प्रत्येकाची पाटी आहे, त्यांची ओळख मग तिथेच वाचून दाखवीन. ‘हॉटशॉट’चं काय करू? मराठीत तो बडा माणूस होतो.

गोंदियाकर
नावातला हॉटशॉट तसाच राहू द्या आणि खाली एक ओळ टाका: भडकलेल्या वणव्याच्या अगदी तोंडाशी जाळरेषा काढणारी तुकडी.