मदत हवी आहे: हिप जॉइंटच्या प्लॅस्टिकची वेअर टेस्ट, पिनचं वजन घटायच्या ऐवजी वाढतंय

नमस्कार मंडळी, मी सोलापुरात एम.टेक. मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि प्रोजेक्ट घेतलाय कृत्रिम खुब्यात जे प्लॅस्टिक बसवतात त्याच्या झिजेचा. म्हणजे धातूचा गोळा आणि त्याच्यावर यूएचएमडब्ल्यूपीईची (खूप लांब रेणूंचं पॉलिथिलीन) वाटी, हे दोन्ही वर्षानुवर्षं एकमेकांवर घासत राहतात आणि त्यातून जे एक मायक्रॉनपेक्षाही बारीक कण निघतात त्यांच्यामुळे आजूबाजूचं हाड विरघळायला लागतं, सांधा ढिला होतो, परत ऑपरेशन. माझ्या मोठ्या मावशीचा खुबा असाच बदललाय, त्यामुळे हा विषय मी मार्कांसाठी घेतलेला नाही, मला खरंच समजून घ्यायचंय.

आता काय करलालेय ते सांगते. कॉलेजात पिन-ऑन-डिस्क मशीन (फिरत्या चकतीवर पिन दाबून घासणारी) आहे, सगळीकडे असते तशी. ८ मिमीची पिन यूएचएमडब्ल्यूपीईच्या इंडस्ट्रियल रॉडमधून टर्न करून घेतली, लोड १०० न्यूटन म्हणजे साधारण २ एमपीए प्रेशर येतं, अंतर ५ किमी. मशीनसोबत आलेली ईएन-३१ स्टीलची डिस्क सलाइनमध्ये लगेच गंजणार म्हणून ३१६एल स्टेनलेस स्टीलची डिस्क करून घेतली, डायमंड पेस्टने पॉलिश करून रफनेस ०.०५ मायक्रॉनच्या आत आणला. लुब्रिकंट म्हणून साधं सलाइन.

घर्षणाचा ग्राफ एकदम सुंदर येतो, गुणांक ०.१ च्या आसपास, सरळ रेघ. पण पिन धुऊन वाळवून वजन केलं की ते आधीपेक्षा ०.२-०.३ मिलीग्रॅम जास्तच भरतं, दरवेळी. आणि डिस्कवर जिथून पिन फिरते त्या गोल पट्ट्यावर एक दुधी थर दिसतो, नखाने खरवडला तर निघतो. पिनचं तोंड मायक्रोस्कोपखाली बघितलं तर गुळगुळीत चकाकतंय आणि सगळ्या रेघा एकाच दिशेला.

गाइड सरांचं म्हणणं, झीज नगण्य असं लिहा आणि पुढे चला. मला ते पटत नाही हो. जुन्या साध्या पॉलिथिलीनच्या वाट्या पेशंटच्या शरीरात वर्षाला साधारण ०.१ मिमी झिजतात हे सगळीकडे छापलेलं आहे, मग माझ्या मशीनवर शून्य कसं येईल? शिवाय घर्षण कमी म्हणजे झीज कमी असंही नाही ना, कृत्रिम खुबा बसवणारे ब्रिटिश सर्जन चार्नली यांनी १९५८ च्या सुमारास टेफ्लॉनच्या वाट्या वापरल्या त्या घर्षण कमी म्हणूनच, आणि त्या काही वर्षांतच इतक्या झिजल्या की १९६२ ला त्यांना यूएचएमडब्ल्यूपीईवर यावं लागलं. नुसता चांगला ग्राफ लावून थीसिस द्यायचा तर माझं मन तयार होत नाही.

तर ज्यांनी असं काम केलंय त्यांनी सांगा, वजन का वाढतंय, आमच्या वजनकाट्याचा लीस्ट काउंट (कमीत कमी दाखवता येणारा फरक) ०.१ मिलीग्रॅम आहे तो पुरेल का, आणि सलाइनऐवजी सिरम (रक्तातला प्रोटीन असलेला पातळ भाग) खरंच लागतं का कारण ते लै महाग आहे आणि इथे ४२ डिग्रीत ते टिकणार कसं. हिप सिम्युलेटर (चालण्यासारखी हालचाल करून खुबा झिजवणारी मशीन) वापर म्हणून कृपया सांगू नका, तो इथे नाही.

प्रतिसाद – घर्षण_पुणे

ताई, तुमचं निरीक्षण चांगलं आहे, उत्तर त्यातच आहे. एकेक घेतो.

वजन वाढतंय कारण हे प्लॅस्टिक थोडं थोडं द्रव शोषून घेतं, आणि तुमची झीज त्याच्यापेक्षाही कमी आहे. हिशोब करून बघा. एकाच दिशेने घासलं तर वेअर फॅक्टर (दर न्यूटन लोड आणि दर मीटर अंतराला किती झिजलं ते) १० चा वजा ७ घात किंवा त्याहून कमी येतो, घन मिमी प्रति न्यूटन मीटर. त्याला १०० न्यूटन आणि ५००० मीटरने गुणा, ०.०५ घन मिमी, म्हणजे ०.०५ मिलीग्रॅमसुद्धा नाही. तुमच्या काट्याला हे दिसणारच नाही. म्हणून पिना आधी दोन-तीन आठवडे द्रवात भिजवून ठेवा, वजन स्थिर होईपर्यंत, आणि टेस्ट चालू असताना शेजारी एक कंट्रोल पिन ठेवा, तेवढाच लोड देऊन पण न घासता. तिचं जितकं वजन वाढेल तितकं घासलेल्या पिनच्या घटीत मिळवायचं. कृत्रिम खुब्याच्या झिजेच्या टेस्टचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आहे आयएसओ १४२४२, त्याच्या दुसऱ्या भागात हीच पद्धत आहे. आणि सोलापूरच्या कोरड्या हवेत प्लॅस्टिकवर स्टॅटिक चढतो, काटा हलत राहतो, पंखा बंद करून वजन स्थिर येईपर्यंत परत परत घ्या.

पण खरा मुद्दा दिशेचा आहे. डिस्क गोल फिरते म्हणून दिशा बदलते असं वाटतं, पण पिनच्या बाजूने बघा, तिच्या तोंडावरून धातू कायम एकाच बाजूने जातोय. त्यामुळे पॉलिमरच्या साखळ्या त्या दिशेला ओढल्या जाऊन विस्कटलेल्या केसांवर कंगवा फिरवल्यासारख्या बसतात आणि त्या दिशेत मटेरियल मजबूत होतं. तुम्हाला दिसलेल्या रेघा त्याच्याच. माणूस चालताना मांडी पुढे-मागे जाते, थोडी आत-बाहेर जाते, थोडी फिरते, म्हणून घासण्याची दिशा सतत आडवी होते आणि साखळ्या तुटून कण निघतात. मल्टिडायरेक्शनल केलं की वेअर फॅक्टर १० च्या वजा ६ घाताच्या घरात जातो, तुमच्याच लोड-अंतराला अर्धा मिलीग्रॅम मिळेल, तो काट्यात दिसेल.

तो दुधी थर म्हणजे पिनचंच पॉलिथिलीन. पाण्यात किंवा सलाइनमध्ये ते धातूवर चिकटतं, सिरममध्ये असं होत नाही आणि पेशंटमधून काढलेल्या गोळ्यांवरही तो दिसत नाही. म्हणून सिरम टाळू नका. काफ सिरम (वासराच्या रक्ताचं) पातळ करून वापरतात, नव्या आयएसओमध्ये प्रोटीन लिटरला ३० ग्रॅम आहे. सोडियम अझाइड घातलं तर नासत नाही, पण ते विषारी आहे, ग्लोव्हज घाला आणि सिंकमध्ये ओतू नका. तापमान ३७ ठेवायचं असतं, तुमच्याकडे मे महिन्यात हीटर नाही, कूलिंगच लागेल.

प्रतिसाद – लूमवाला

दिशा बदलत घासायच्या मशीनचं मी सांगतो, मेडिकलमधलं मला कळत नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागाचे क्रँक, एक्सेंट्रिक (मध्य सोडून बसवलेल्या फिरत्या चकत्या) करून देणारे आहेत, ड्रॉइंग घेऊन गेलात तर करून देतील. बेअरिंग मात्र चांगल्या कंपनीचं घ्या, खेळ राहिला की सगळं वाया.

प्रतिसाद – घर्षण_पुणे

हे उत्तम. दोन सारख्या एक्सेंट्रिकवर प्लेट बसवा, ५ मिमी ऑफसेट, म्हणजे प्लेट स्वतःभोवती न फिरता १० मिमीच्या वर्तुळात सरकेल आणि पिन जागेवर राहील. दर फेरीला ३१.४ मिमी, सेकंदाला एक फेरी. ५ किमीला साधारण ४४ तास लागतील. ३१६एल ऐवजी कोबाल्ट-क्रोम हवं असेल तर डेंटल लॅबमध्ये विचारा, कवळीच्या फ्रेम ते त्याच जातीच्या मिश्रधातूत ओततात, फक्त ग्रेड वेगळा असतो हे थीसिसमध्ये स्पष्ट लिहा. तुमचा रॉड मेडिकल ग्रेडचा नाही हेही लिहा.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही खूप आभार, दिशेचा मुद्दा वाचल्यावर पिनचे फोटो परत उघडून बसले, सगळं जुळतंय. सलाइनवाले रिझल्ट काढून टाकणार नाही, एका दिशेचे आणि वर्तुळाचे शेजारी-शेजारी ठेवेन, सरांना तेच दाखवायचंय. आता दोन गोष्टी राहिल्या. ४४ तास सलग चालवायचं तर मध्ये लाइट जाणारच, मशीन थांबली की पिन लोडखाली तशीच ठेवायची का उचलायची? आणि सिम्युलेटरमध्ये सिरम ५ लाख सायकलला बदलतात, माझी टेस्ट दीड लाखाच्या थोडी पुढे संपते, तर मध्ये एकदा बदलून वजन घ्यावं की शेवटी एकदाच? भिजवायला पिना आज टाकतेय, त्यामुळे दोन-तीन आठवडे हातात आहेत, कोणी हे केलं असेल तर सांगा.